सीझन गेला, आता वर्षही सोडायचं का?

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा आयव्ही लीगमधल्या (इथल्या आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांचा गट) एका विद्यापीठात इकॉनॉमिक्स शिकतो, यंदा शेवटचं वर्ष. (खरं नाव नको, निनाद म्हणा.) तिथल्या फुटबॉल टीममध्ये आहे. म्हणजे इथला फुटबॉल, हेल्मेटवाला. तो लाँग स्नॅपर आहे. खाली वाकायचं आणि पायांच्या मधून चेंडू मागे फेकायचा, एवढंच त्याचं काम. हायस्कूलात असताना आम्ही त्याची थट्टा करायचो. आता ती करायची सोय राहिलेली नाही.

कोविडमुळे ८ जुलै २०२० ला लीगने या मोसमातले सगळे सामने रद्द केले. त्या रात्री तो जेवायला खाली आला नाही. आता म्हणतो, 'मी वर्षभर लीव्ह घेतो, पुढच्या सप्टेंबरला परत जातो, शेवटचा सीझन खेळतो आणि मग डिग्री घेतो.' ह्यांचा पारा चढला. 'जग मरतंय आणि ह्याला बॉल फेकायचाय! आयव्हीत कशासाठी घातला होता?' महिना झाला, दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. जूनमध्ये ह्यांचे थोरले भाऊ सांगलीला हार्ट अटॅकने गेले. विमानं बंद, आम्ही सगळं व्हॉट्सॲपवर पाहिलं. भाऊजींना निनादचं फार कौतुक होतं. त्याचे व्हिडिओ ते गल्लीत सगळ्यांना दाखवायचे. तर घरात आधीच असं वातावरण आहे.

रात्री अकरा वाजता निनाद गॅरेजमध्ये भिंतीला जुनी गादी टेकवून त्यावर चेंडू फेकत बसतो. धप्प, धप्प. मला वर झोप लागत नाही. मुलाला अडवू की ह्यांना समजावू? (सीनिअर डेला नेसायला मी पैठणी काढून ठेवली होती. लोकांवर काय वेळ आलीये आणि मी हे काय लिहितेय.)

– एक आई

प्रिय आई,

पैठणीपासूनच सुरू करते, कारण तुम्ही ती सगळ्यात शेवटी, चोरून, कंसात टाकली आहे.

सीनिअर डे म्हणजे काय हे ज्या वाचकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोसमातल्या शेवटच्या घरच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकेक करून मैदानावर बोलावतात. लाउडस्पीकरवर नाव पुकारतात, आणि मुलगा एका हाताला आई, एका हाताला बाबा असा मैदानात चालत येतो. फोटो निघतो, झालं. मिनिटभराचंही काम नाही. पुकारणारा आपल्या आडनावाचे तीन तुकडे करून चौथाच शब्द म्हणतो. तरी त्या मिनिटासाठी नोव्हेंबरच्या थंडीत पैठणीवर पफर जॅकेट चढवून उभी राहायची तुमची तयारी होती. सात-आठ वर्षं पहाटे उठून ज्या बाईने गाडी चालवली, घामट पॅड धुतली, सामन्यात मुलगा कुठे दिसतोय हे शोधत थंडगार बाकावर बसून काढलं, तिचंही त्या दिवशी काहीतरी व्हायचं होतं. ते झालं नाही. तुम्हाला वाईट वाटतंय ना? वाटू द्या. लाज कसली त्यात?

आणि तुम्हाला मिनिटभराच्या फोटोचं एवढं वाईट वाटतं, तर त्याला दहा सामन्यांचं किती वाटत असेल, याचा अंदाज तुम्हाला आहे. म्हणूनच तुम्ही मला लिहिलंत, तुमच्या यजमानांनी नाही.

आता त्या 'एवढंच काम'बद्दल. 'एवढंच' हा शब्द तुम्ही प्रेमाने लिहिलात हे कळतं, पण निनादने तो घरात किती वेळा ऐकला असेल! लाँग स्नॅपर सगळ्या सामन्यात मोजून काही वेळा मैदानात येतो. पंट (हातातला चेंडू लाथेने लांब मारणं) असेल तर पंधराएक यार्ड मागे उभ्या असलेल्या गड्यापर्यंत चेंडू पोचवायचा. फील्ड गोल (जमिनीवर टेकवलेला चेंडू गोलपोस्टमधून मारणं) असेल तर सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेल्या होल्डरच्या हातात तो असा पडायला हवा, की होल्डरने खाली ठेवेपर्यंत चेंडूची शिवण गोलपोस्टकडे वळलेली असेल. स्नॅपपासून किक बसेपर्यंत जेमतेम सव्वा सेकंद मिळतो. हे सगळं उलटं बघत, डोकं पायांमध्ये घालून. गाण्यात मागे बसलेल्या तंबोऱ्यासारखं आहे ते. लागलेला असला की कोणी वळूनही बघत नाही, उतरला की तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही कळतं. ज्या मुलाने हे काम निवडलं आणि इतकी वर्षं टिकवलं, तो टाळ्यांसाठी खेळत नव्हता. मग कशासाठी खेळत होता, हे त्याला कोणी विचारलंय का? सल्ला म्हणून नाही, नुसतं कुतूहल म्हणून.

आयव्हीच्या मुलांचं आणखी एक वेगळं आहे. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, जी मदत मिळते ती घरची ऐपत बघून. फुटबॉलच्या मोसमात दहा सामने, आणि २०२० मध्ये तरी त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, नाही. दहावा सामना संपला की संपलं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाणारे अगदी थोडे. बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, की आपण अंगात शेवटचे पॅड कुठल्या महिन्यात घालणार. मनाची तयारी त्या महिन्यासाठी केलेली असते. निनादचा शेवटचा सामना गेल्या नोव्हेंबरात होऊन गेला आणि तो शेवटचा आहे हे त्याला खेळताना माहीतच नव्हतं.

थोडं विषयांतर करते. तुमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर न्यू ब्रन्सविकला ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना म्हणून तोच मोजतात. रटगर्सने ६–४ असा जिंकला. एकेका बाजूला पंचवीस जण होते, आणि चेंडू हातात घेऊन पळायची परवानगी नव्हती! तेव्हा 'हा कसला फुटबॉल, हाताने खेळतात' हे वाक्य मंडळाच्या पॉटलकला पुन्हा कोणी टाकलं, तर हे सांगा. आणि हार्वर्ड–येल? १८७५ पासून चालत आलेला सामना, महायुद्धांपायी आणि त्याआधीची काही वर्षं खंड पडला तेवढाच. गेल्या वर्षी मध्यंतरात विद्यार्थ्यांनी मैदानात बसकण मारून हवामानबदलाविरुद्ध निदर्शनं केली. येल बोलमध्ये दिवे नाहीत, दोनदा जादा डाव झाला, आणि येलने जवळजवळ अंधारात ५०–४३ असा सामना काढला. तो सामनासुद्धा यंदा नाही. तुमच्या मुलाचं दुःख वैयक्तिक आहेच, पण त्याच्याबरोबर बरंच काही थांबलंय हे ध्यानात घ्या.

आता 'जग मरतंय'कडे येते.

लीगचा निर्णय मला बरोबर वाटतो, हे आधी स्पष्ट सांगते. शंभरेक मुलं एका लॉकर रूममध्ये, एका बसमध्ये, आणि मैदानावर दर डावाला एकमेकांच्या तोंडावर धापा टाकणार. मार्चमध्ये याच लीगने १० तारखेला बास्केटबॉलची स्पर्धा रद्द केली तेव्हा 'घाबरट' म्हणून नावं ठेवली गेली होती. दोनच दिवसांत एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची देशव्यापी संघटना) देशभरची मार्च मॅडनेस, म्हणजे बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, गुंडाळली. आताही ५ ऑगस्टला कनेटिकट विद्यापीठ, मग ११ तारखेला बिग टेन आणि पॅक-१२ या मोठ्या परिषदा (विद्यापीठांच्या लीग) मागोमाग आल्याच. निर्णय बरोबर असला म्हणून तो ज्याच्यावर कोसळला त्याला लागत नाही, असं थोडंच आहे? निनादने तरी कुठे म्हटलंय की निर्णय चुकला? तुमच्या पत्रात तसं एक अक्षर नाही. तो फक्त म्हणतोय, मला माझा शेवटचा मोसम हवाय.

एक तयारी मात्र ठेवा. एसईसी, एसीसी, बिग ट्वेल्व्ह या मोठ्या परिषदा अजून खेळायच्याच बेतात आहेत. त्यांच्या तिजोऱ्या टीव्हीच्या पैशावर भरतात, आयव्हीचं तसं नाही. त्यांचं जमलं तर सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी तुमच्या दिवाणखान्यात दुसऱ्यांची मुलं खेळताना दिसतील. तो दिवस ८ जुलैपेक्षा वाईट जाईल. त्या दिवशी 'बघ, आपण किती सुरक्षित' असं कोणी म्हणू नये.

आता मुद्द्याचं. निनादचा बेत पोरकटपणाचा नाही. उलट नियम वाचून केलेला दिसतो, आणि ही गोष्ट तुमच्या यजमानांपर्यंत बहुधा पोचलेलीच नाही. एनसीएएच्या पहिल्या विभागात, २०२० च्या नियमांप्रमाणे, खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार मोसम मिळतात. २०१७ ला दाखल झालेल्या मुलाची पाच वर्षं २०२१ च्या मोसमापर्यंत येतात. यंदाचा मोसम त्याच्या खात्यातून वजा होणार नाही, मग तो या सत्रात नाव नोंदवो वा न नोंदवो, हे आयव्हीने ८ जुलैच्या निवेदनातच म्हटलंय. मेख पुढे आहे. आयव्हीत पदवीधरांना खेळता येत नाही. मे महिन्यात डिग्री हातात पडली की त्या जर्सीतला खेळ संपला. मास्टर्स करत दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाकडून खेळता येईल, पण सोबतच्या मुलांशिवाय तो मोसम त्याला हवा आहे का, हा वेगळा प्रश्न. तेव्हा याच टीमकडून खेळायचं तर डिग्री लांबवणं एवढाच मार्ग त्याच्यापुढे आहे. तो हट्ट म्हणून लीव्ह मागत नाहीये.

पण त्यासाठी पूर्ण वर्षच सोडायला हवं का? मला तरी तसं वाटत नाही. त्याची दोन सत्रं राहिली आहेत. यंदाचं सत्र त्याने घरून, ऑनलाइन करावं. वसंत सत्राला लीव्ह घ्यावी. पुढच्या ऑगस्टला परत जाऊन उरलेलं एकच सत्र करावं, मोसम खेळावा आणि डिसेंबर २०२१ मध्ये पदवी घ्यावी. नुकसान झालं तर अर्ध्या वर्षाचं. आणि यातला मोठा फायदा म्हणजे लीव्हचा निर्णय आज करावा लागत नाही, तो डिसेंबरवर जातो. तोपर्यंत लशीचं काय, कॅम्पसचं काय, लीगचं काय, हे आजच्यापेक्षा तरी स्पष्ट होईल. एक अडचण आहे ती सांगून ठेवते. हिवाळ्यानंतर, वसंतात हे सामने घेता येतील का, याचा विचार लीगने अजून मोडीत काढलेला नाही. तसे ते झाले तर खेळायला वसंतात नाव नोंदलेलं लागेल. म्हणूनही लीव्हचा अर्ज शेवटच्या तारखेआधी करू नका, आणि शेवटच्या तारखेनंतरही नको.

हा बेत चालेल की नाही, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर ठरेल. निनादने कोचला विचारण्याआधी त्याच्या डीनला विचारावं. कोच भला माणूस असेलही, पण त्याला पुढच्या वर्षी स्नॅपर हवाच आहे. डीनला विचारायचं ते असं: एका सत्राची लीव्ह मिळते की वर्षाचीच घ्यावी लागते? परत येण्याची हमी आहे का, आणि हॉस्टेलची खोली मिळेल का? त्याला लागणारे कोर्स शरद सत्रात असतात का? आणि ही सगळी उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर नकोत.

पैशांचं म्हणाल तर 'एक वर्ष जादा म्हणजे एक वर्षाची फी जादा' असा तुमच्या घरात समज असेल तर तो काढून टाका. सत्रं आठ ती आठच. लीव्हच्या काळाची फी नसते. आर्थिक मदत मिळत असेल तर ती पुढच्या शरद सत्राला तशीच चालू राहील ना, हे मात्र फायनान्शियल एड ऑफिसकडून लिहून घ्या. आरोग्यविमा तुमच्या पॉलिसीवर सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत चालतो. सरकारी शैक्षणिक कर्ज असेल तर शिक्षण सोडल्यापासून सहा महिन्यांची सवलत सुरू होते. लीव्ह त्याहून लांबली तर ती सवलत तिथेच खर्ची पडते. वसंत सत्राचा बेत करताना डिसेंबर ते ऑगस्ट हे महिने मोजा, ते सहाहून जास्त भरतात. कोविडमुळे २०२० मध्ये हप्त्यांना स्थगिती मिळाली, पण ती कायमची नाही.

(ज्या वाचकांची मुलं एफ-१, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहेत, त्यांनी यातलं काहीही आपल्याला लावून घेऊ नये. सत्र सोडलं की स्टेटसचाच प्रश्न उभा राहतो. आधी इंटरनॅशनल ऑफिस, मग फुटबॉल.)

एवढं सगळं जुळलं तरी एक अट मी घातली असती, माझा मुलगा असता तर. २०२१ चा मोसम होईलच असं आज कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. मोसमाच्या भरवशावर थांबलेला मुलगा आणि पुन्हा रद्द झालेला मोसम, हे दृश्य मला नको वाटतं. तेव्हा ते सात-आठ महिने असे आखावेत, की सप्टेंबरात चेंडू हातात आलाच नाही तरी 'कशाला थांबलो' असं वाटू नये. नोकरी करावी, पगाराची. कुठल्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम मिळतंय का बघावं. नाहीतर एडिसनच्याच फूड बँकेत गाड्या उतरवाव्यात, यंदा माणसं तिथे कमीच पडताहेत. गॅरेजमधली गादी हा बेत होऊ शकत नाही. काय करणार हे त्याने एका कागदावर लिहून दाखवावं. त्याला लिहिता आलं नाही, तर उत्तर तुम्हालाही मिळालं आणि त्यालाही.

निर्णय शेवटी त्याचा. एकवीस-बावीस वर्षांचा आहे तो. तुम्ही दोघांनी फक्त सांगायचं, की आम्ही कशाचा खर्च उचलू आणि कशाचा नाही. ते मात्र स्पष्ट सांगा, नंतर टोमणे मारू नका.

राहिले तुमचे यजमान. सांगलीचं तुम्ही चार वाक्यांत उरकलंत आणि पुढे गेलात. थोरला भाऊ गेला, खांदा देता आला नाही, फोनच्या पडद्यावर बघावं लागलं, आणि सोमवारी बहुधा ते लॅपटॉप उघडून कामाला बसले असतील. अशा माणसाला खालून धप्प धप्प ऐकू येतं तेव्हा त्याला काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. पण 'जग मरतंय' हे वाक्य त्यांनी बातम्या बघून म्हटलेलं नाही, एवढं मला कळतं. तुम्ही मात्र त्यांना असं सांगायला जाऊ नका की 'तुम्ही दादांच्या दुःखाने चिडताय.' खरं असलं तरी ते ऐकून कुठलाही नवरा आणखी चिडेल.

त्यापेक्षा कामं वाटा. फी, कर्ज, विमा, सहा महिन्यांचा हिशेब ही एक्सेल शीट यजमानांकडे द्या. अशा शीटशिवाय बरं वाटत नाही अशीच आपली ही पिढी आहे. डीनची पत्रं निनादकडे. आणि एका रविवारी तुम्ही बाजारात जा, जरा उशिराच परत या, आणि जाताना निनादला एवढंच सांगून जा, की काकांना पाठवलेले ते व्हिडिओ बाबांच्या फोनवरही आहेत का, ते विचार. त्यांनी नाही म्हटलं तर तो दाखवेल. तुम्ही घरी असाल तर दोघंही तुमच्यामार्फत बोलतील, म्हणून बाजारात जा म्हणते.

समजा महिनाभराने, हे सगळं कागदावर मांडल्यावर, निनाद म्हणाला, 'नको, मी मेमध्येच डिग्री घेतो', तर तो हरला असं समजू नका, आणि 'शेवटी शहाणा झालास' असंही कोणी म्हणू नका. त्याच्या टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी काही जातील, काही थांबतील. त्यांचं आपापसात रोज चालूच असणार, तुम्हाला कळत नसलं तरी.

लीव्हच्या अर्जाची तारीख मात्र आजच बघा. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या पानावर असते. शरद सत्राची काही ठिकाणी उलटूनही गेली असेल, म्हणून वसंताची नीट बघून ठेवा. आणि तुमच्या यजमानांना माझं काही पटलं नाही, तर त्यांनी सरळ मला लिहावं. तेही इथेच छापेन.